कात, गॅम्बीर आणि गाईचा घास

रविवारी सकाळी सिंगापूरच्या घड्याळात साडेनऊ आणि जुन्नरच्या घड्याळात सात वाजले की मामांचा फोन येतो. सकाळचे दूध डेअरीवर घालून ते नुकतेच परतलेले असतात. फॅट किती लागली, भाव किती कापला, बिबट्या कुणाच्या उसात दिसला, असा आमच्या गप्पांचा ठरलेला क्रम आहे. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मात्र त्यांनी हे सगळे बाजूला ठेवून थेट विचारले, "तू डॉक्टर ना रे? मग मला सांग, गाईला कोणी कात खायला घालतं का?"

डॉक्टर मी आहे, पण माझा प्रबंध यंत्रांच्या कंपनांवर आहे आणि पोट भरतो ते संगणकाच्या आज्ञावल्या लिहून. आमच्या आजोळी हा फरक आजवर कुणी मानलेला नाही.

हकीकत अशी होती. पशुखाद्याचा एक विक्रेता गावात येऊन तपकिरी भुकटीची पिशवी देऊन गेला. पेंडीत रोज थोडी मिसळा, तेवढ्याच पेंडीत दूध वाढेल, असे त्याचे म्हणणे. मामा नवीन पेंड आली की आधी स्वतः चाखून बघतात. त्यांनी चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली आणि जीभ आखडली. "पानातला कातच की हा!" पिशवीवर लिहिले होते, वनस्पतिजन्य टॅनिन. विक्रेत्याने माप सांगितले होते, पण थोड्याने दूध वाढते तर दुपटीने आणखी वाढेल या हिशोबाने मामांनी हात सैल सोडला. चौथ्या दिवशी त्यांची थोरली होस्टन गाय गव्हाणीत पेंड टाकू लागली, शेण घट्ट आणि काळसर झाले आणि दूध दोन लिटरने उतरले. पिशवी बंद केल्यावर आठवड्याभरात गाय पूर्ववत झाली. पण मामांच्या डोक्यातला प्रश्न राहिला, आणि त्यांनी तो माझ्या डोक्यात सोडला.

त्याचे उत्तर शोधायला म्हणून मी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत काही शनिवार घालवले. गाईच्या पोटाबद्दल वाचायला गेलो आणि वाचत बसलो सिंगापूरचा इतिहास. कारण आपण ज्या बेटावर फ्लॅटचे हप्ते फेडत राहतो, त्या बेटाचा मोठा भाग एके काळी याच तुरट पदार्थाच्या लागवडीखाली होता.

टॅनिन म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे शिकवायला नको. कच्चे केळे, जांभूळ, कोवळी सुपारी, काजूचा बोंडू खाल्ल्यावर तोंडात जे होते, ज्याला आपण तुरट म्हणतो, ती टॅनिनची करामत. आपल्या लाळेत प्रथिने असतात. टॅनिन त्यांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ आखडते. झाडाने हे केले आपली पाने आणि साल किड्यांपासून, गुरांपासून वाचवायला. माणसाने त्याचा उपयोग केला कातडे कमावायला. जनावराचे कातडे हेही प्रथिनच. टॅनिन त्याला घट्ट धरून बसले की जंतूंना ते कुजवता येत नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात ते याच कारणाने. इंग्रज व्यापारी मुंबई इलाख्यातला हिरडा बोटी भरभरून न्यायचे, तो औषधासाठी नव्हे, विलायतेतल्या चर्मकुंडांसाठी.

सिंगापूरचे टॅनिन होते गॅम्बीर. ही एक वेलीसारखी पसरणारी झुडुपी वनस्पती. १८१९ साली स्टॅम्फर्ड रॅफल्स इथे उतरला तेव्हा बेटावर तिचे मळे आधीपासूनच होते, म्हणजे वसाहतीच्या स्थापनेचे सगळे श्रेय रॅफल्सला देणाऱ्यांनी हे मळेवाले लक्षात ठेवायला हरकत नाही. मलाया आणि जावाकडचे लोक विड्यात गॅम्बीर घालत, जसा आपण कात घालतो. युरोपच्या बाजारात तर कात आणि गॅम्बीर दोन्ही एकाच नावाने विकले जात, 'टेरा जॅपोनिका', म्हणजे जपानची माती! यातले काहीच माती नव्हे आणि जपानचे तर मुळीच नव्हे. पण व्यापाराला भूगोलाची गरज क्वचितच पडते.

१८३० नंतर इंग्लंडच्या रंगारी आणि चामड्याच्या धंद्याने गॅम्बीर उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. तिओच्यू व्यापारी सिआ यू चिन याने १८३५ च्या सुमारास गॅम्बीर आणि मिरीची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली. १८४० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर चोवीस हजार एकरांच्या आसपास गॅम्बीर होते आणि त्याच्या साधारण एक दशांश मिरी. ही जोडी हिशोबी होती. गॅम्बीरची पाने आणि कोवळ्या फांद्या वर्षातून अनेकदा छाटायच्या, मोठ्या लोखंडी काहिलीत तासन् तास उकळायच्या, अर्क आटवून घट्ट करायचा, लाकडी पिंपांत घोटत थिजवायचा, मग त्याच्या वड्या पाडून वाळवायच्या. उकळून उरलेला पाचोळा मिरीच्या वेलांच्या बुंध्याशी खत म्हणून जायचा. मिरीला भाव नसला तर गॅम्बीर तारायचे, गॅम्बीर पडले तर मिरी.

या हिशोबात एकच गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे काहिलीखालचे लाकूड. पाने उकळायला रान तोडावे लागे. पंधरा-एक वर्षांत जमिनीचा कस जाई आणि जवळपासचे जळणही संपे. मग मळा तसाच लालांग गवताच्या हवाली करून पुढचे रान गाठायचे. बेटावरचे रान संपत आले तेव्हा मळे जोहोरला गेले. तिथल्या सत्ताधीशांनी एकेका नदीचे खोरे एकेका चिनी 'कांगचू'ला, म्हणजे नदीच्या धन्याला, सनद देऊन लावून दिले. आपल्याकडची चोआ चू कांग, लिम चू कांग, यिओ चू कांग ही नावे या मळ्यांच्या काळाची आहेत. चोआ, लिम, यिओ ही आडनावे, चू म्हणजे घर किंवा वस्ती आणि कांग म्हणजे नदी. एमआरटीच्या पाटीवर चोआ चू कांग वाचताना मला आता काहिलीचा धूर आठवतो.

आणि माणसे? चीनच्या किनाऱ्यावरून आलेला कुली बोटीच्या भाड्याचे कर्ज डोक्यावर घेऊनच मळ्यात उतरायचा. त्याला तांदूळ देणारा, त्याचे गॅम्बीर विकत घेणारा आणि त्याला अफू पुरवणारा हे बहुधा एकाच साखळीतले असत. रान तोडून झालेल्या कडेला वाघ होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ साली बुकित तिमाच्या फ्रेंच पाद्र्याकडे राहून किडे गोळा करत होता. सरासरीने रोज एक चिनी माणूस वाघाच्या तोंडी जातो, आणि तेही मुख्यतः नव्या तोडलेल्या रानातल्या गॅम्बीरच्या मळ्यांत, असे त्याने लिहून ठेवले आहे. वॉलेसला स्वतःला मात्र ही तोड फळली. पडलेल्या ताज्या ओंडक्यांवर भुंगेरे येतात, आणि एवढ्याशा परिसरात त्याला त्यांच्या सुमारे सातशे जाती मिळाल्या.

१८८३ च्या सुमारास सरकारने नथॅनिएल कॅंटली या बोटॅनिक गार्डनच्या अधीक्षकाला जंगलांचा अहवाल करायला सांगितले. जंगल फारसे उरले नव्हते. मग उरलेले राखीव करण्याचे काम सुरू झाले, बुकित तिमा त्यातलेच. आधी तोडू द्यायचे आणि मग कुलूप लावायचे, हा क्रम कोकणातल्या माणसाला ओळखीचा वाटेल. खैराच्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून कात काढणारे काथोडी, म्हणजेच कातकरी, यांचे नावच त्या धंद्यावरून पडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैरावर त्यांचा हात पडेना, आणि कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर, पुढे वीटभट्ट्यांवर गेले. आज महाराष्ट्र सरकारच्या दप्तरी ते अतिदुर्बळ आदिम जमातींत मोडतात. धंद्याचे नाव अंगावर राहिले आणि धंदा गेला.

गॅम्बीरचाही गेला. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमचे क्षार वापरून कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. सालीच्या कुंडात महिनोन् महिने लागणारे काम काही दिवसांवर, पुढे काही तासांवर आले. त्यातच मलायात रबराची लाट आली आणि जमीन रबराला लागली. जोहोरची कांगचू पद्धत १९१७ मध्ये कायद्याने संपवण्यात आली. जगभर टॅनिन काढणारे बसून राहिले असे नाही. दक्षिण अमेरिकेत केब्राचोच्या लाकडापासून, इटली-स्लोव्हेनियात चेस्टनटपासून अर्क काढणारे कारखाने टिकले, पण त्यांना नवी गिऱ्हाइके शोधावी लागली. कोणी दारूत, कोणी तेलविहिरीच्या चिखलात टॅनिन विकू लागले. आणि एक गिऱ्हाईक भलतेच निघाले. आजवर मेल्यावर जिच्या कातड्याला टॅनिन लावत होते, ती गाय.

इथे मला गाईच्या पोटाकडे वळावे लागले, आणि एका अभियंत्याला त्यात जो आनंद झाला तो लपवत नाही. गाईला चार कप्प्यांचे पोट असते. पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठे आंबवण्याचे पिंपच आहे. त्यातले असंख्य सूक्ष्मजीव कडबा, घास, पेंड फोडतात आणि गाय जगते त्यांच्या कमाईवर. पण हे सूक्ष्मजीव उधळे आहेत. सरकी पेंडीतले महाग प्रथिन समोर आले की त्याचा गरजेपेक्षा जास्त भाग ते अमोनियापर्यंत मोडून टाकतात. जास्तीचा अमोनिया रक्तातून यकृतात जातो, त्याचा युरिया होतो आणि तो बहुतेक मूत्रावाटे जातो. बंद गोठ्यात पहाटे डोळ्यांना झोंबणारा वास तोच. मामा ज्या पेंडीला पैसे मोजतात त्यातला बराच भाग असा डोळ्यांत जातो.

टॅनिन इथे मध्ये पडते. पहिल्या पोटात आम्लता कमी असते, सामू सहा-सातच्या आसपास. तिथे टॅनिन आणि प्रथिन एकमेकांना घट्ट धरतात आणि जंतूंना प्रथिन सहज मोडता येत नाही. चर्मकुंडात कातड्याचे जे होते तेच, फक्त काही तासांपुरते. पुढे चौथ्या पोटात जठररस पाझरतो, सामू साडेतीनच्या खाली उतरतो, मिठी सुटते आणि प्रथिन गाईच्या स्वतःच्या आतड्याला मिळते. जोन्स आणि मँगन या दोघा संशोधकांनी १९७७ मध्ये सेनफॉइन नावाच्या चाऱ्यातल्या टॅनिनवर हे दाखवून दिले. पेंडीचे प्रथिन जणू कुलूप लावून पाठवायचे आणि किल्ली पुढच्या ठाण्यावर ठेवायची. संगणकावर निरोप गुप्त करून पाठवणाऱ्या आमच्या जमातीला हे फार परिचयाचे वाटले.

त्याआधीची कित्येक वर्षे खाद्यशास्त्रात टॅनिनला शत्रूच मानत, आणि ते चूकही नव्हते. टॅनिनवाली लाल ज्वारी कोंबड्यांना घातली की त्यांची वाढ खुंटते. पाखरेही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. आपली पांढरीशुभ्र मालदांडी टॅनिनविरहित, म्हणून भाकरी गोड, आणि म्हणूनच माळ्यावर गोफण घेऊन बसावे लागते. सालबियांची पेंड आपल्याकडे गुरांच्या खाद्यात आली तेव्हाही तिच्यातल्या टॅनिनमुळे तिचे प्रमाण आवरते ठेवावे लागले. हिमालयात ओकची कोवळी पाने जास्त खाल्लेल्या गुरांची मूत्रपिंडे निकामी होतात. हरणांच्या काही जातींच्या लाळेत टॅनिनला आधीच पकडून ठेवणारी खास प्रथिने असतात, गाईकडे ती ढाल नाही.

मग औषध आणि विष यांतली रेघ कुठे? न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात मेंढ्यांवर जे काम झाले त्यातून एक अंदाज हाती आला. कोरड्या चाऱ्याच्या दोन ते चार टक्के टॅनिन असेल तर फायदा दिसतो. पाच-सहाच्या पुढे गेले की जनावर खाणे कमी करते आणि कडबा पचत नाही. लाकडाचा अर्क मिसळायचा तर यापेक्षाही कमी, टक्का-दीड टक्काच, सांभाळून घातला जातो, कारण प्रत्येक झाडाचे टॅनिन वेगळे. मामांच्या गाईचे काय झाले ते इथे कळले. ती रेघ ओलांडली गेली होती. अति तेथे माती, हे मामांनीच मला लहानपणी शिकवलेले, पण ते मी त्यांना ऐकवले नाही.

२००६ च्या जानेवारीपासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर पूर्ण बंदी आणली आणि वनस्पतिजन्य पदार्थांना एकदम मान आला. त्यात हवामानाचा प्रश्न मिळाला. पहिल्या पोटात मिथेन वायू तयार होतो, गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते, आणि टॅनिनने तो काही प्रमाणात घटतो. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या, तेव्हा आपल्याला या ढेकरांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने चिंचोक्याच्या टरफलांवर काम केले आणि पुढे टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचे पूरक खाद्य तयार केले. मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्थेचे म्हणणे आहे.

दुधाचे मात्र सांभाळून बोलावे. दुभत्या गाईंवरचे प्रयोग मी जेवढे वाचले, त्यांत काहींत दूध वाढले, अनेकांत वाढले नाही. खात्रीने म्हणता येते ते इतकेच की मूत्रातले नत्र शेणात सरकते, म्हणजे वास कमी आणि खत बरे. विक्रेता मामांना हे सांगत नव्हता. त्याने सांगितले असते तर पिशवी खपली नसती.

या साऱ्या वाचनात एके दिवशी मी उठून डेअरी फार्म नेचर पार्कमध्ये गेलो. आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन तिथे गेले असतील. तिथे १९३० च्या सुमारास कोल्ड स्टोरेज कंपनीच्या फ्रेड हेरनने फ्रीजियन गाईंचा गोठा उभारला. तोवर शहराला दूध मिळायचे ते सेरांगून रोडच्या बाजूने, भारतीय गवळ्यांकडून. बफेलो रोड, कंदांग करबाऊ म्हणजे म्हशींचा कोंडवाडा, ही नावे त्या गुरांची. फ्रीजियन म्हणजे मामांच्या होस्टनचीच भावंडे. एका जुन्या गोठ्याचे आता वॉलेस एज्युकेशन सेंटर झाले आहे. ज्या बुकित तिमाच्या परिसरात गॅम्बीरच्या काहिली पेटल्या, वाघ फिरले, वॉलेसने भुंगेरे वेचले, तिथेच ऐंशी वर्षांनी गाई बांधल्या गेल्या. गाय आणि टॅनिन यांची गाठ तिथे पडली नाही, मधे दोन पिढ्यांचे अंतर पडले. आता तिथे दोघेही नाहीत. रान मात्र पुन्हा दाट झाले आहे.

गॅम्बीर आज उरले आहे मुख्यतः पश्चिम सुमात्रात, आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे भारत! आपल्या पानमसाल्यात खैराच्या काताची जागा त्याने बरीच घेतली आहे. पाडांगच्या आंदालास विद्यापीठात गेल्या काही वर्षांत गॅम्बीरची पाने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यात मिसळून मिथेनवर काय परिणाम होतो, याचे प्रयोगशाळेतले प्रयोगही झाले आहेत. मिरीच्या बुंध्याला टाकायच्या पाचोळ्याला गव्हाणीची वाट सापडली, ती अशी दीडशे वर्षांनी.

हे सगळे मी मामांना तीन रविवार सांगत होतो. मिथेनचे ऐकून ते हसले. गाईच्या ढेकरेचा हिशोब साहेबांनी आधी स्वतःच्या मोटारीपासून मांडावा, असे त्यांचे मत पडले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळाले नव्हते. त्यांच्या तालुक्याच्या पश्चिमेला, घाटावर, महादेव कोळी बाया-माणसे बाळहिरडा गोळा करतात. जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचे फार नुकसान झाले आणि भरपाईसाठी त्यांना आंदोलन करावे लागले होते. "म्हणजे उद्या हिरडा पेंडीत जायला लागला," मामा म्हणाले, "तर पिशवी किती रुपयांची होईल ते तुझा विक्रेता सांगेल. झाडावर चढणाऱ्याला किलोमागं काय मिळेल?" मी म्हटले, "मामा, मला माहीत नाही." ते म्हणाले, "मग ते आधी शोध."

उरलेली पिशवी त्यांनी फेकली नाही. तीन गाईंना बंद ठेवून, एकीला, तेही फक्त कोवळा हिरवा घास असतो तेवढ्या दिवसांत, तराजूवर मोजून देतात. परवा विचारले, दुधात काही फरक? "दूध आहे तेवढंच आहे," ते म्हणाले. "पण घासानं तिचं पोट फुगायचं, ते या खेपेला फुगलं नाही. आता तो घासच यंदा निबर होता का काय, ते मला सांगता यायचं नाही."